नोरी, भात आणि दुधीची पट्टी

टोकियोतल्या जुन्या वळणाच्या सुशीच्या दुकानात जेवण आटोपत आले की पुष्कळ गिऱ्हाइके शेवटी एक साधी गुंडाळी मागतात. तिच्यात ट्यूना नसतो, कोळंबी नसते, कसलाच मासा नसतो. काळ्या नोरीच्या आत भात, आणि भाताच्या मधोमध सोया सॉस व साखरेत शिजवलेल्या मऊ तपकिरी पट्ट्या. या पट्ट्यांना कांप्यो म्हणतात आणि कांप्यो म्हणजे वाळवलेला दुधी. आपण भाजीला, कोफ्त्याला, हलव्याला वापरतो तोच दुधी. वाण वेगळे, पण वनस्पती एकच.

आपल्याकडे सुशी म्हटले की कच्चा मासा डोळ्यांपुढे येतो. शाकाहारी माणूस तिथूनच मागे फिरतो आणि मासे खाणाराही बिचकतो. मग कोणी काकडी-गाजर घालून घरी गुंडाळ्या केल्याच, तर खऱ्या सुशीची ती शाकाहारी नक्कल आहे असे समजले जाते. मला हे मुळीच पटत नाही. सुशीचा सारा जीव तिच्या आंबटगोड भातात आहे. त्या भाताच्या जोडीला मासा येतो, तशी काकडी येते, अंडे येते, दुधीही येतो. घरी सुशी करायला बसणाऱ्याने मासळीबाजाराऐवजी आधी तांदळाच्या डब्याकडे पाहावे, एवढेच मला या प्रकरणात सांगायचे आहे. बाकीचा तपशील त्याच्या मागोमाग येईल.

सुशीची सुरुवात मात्र माशापासूनच झाली, आणि तीही मासा टिकवण्याच्या गरजेतून. भात पिकवणाऱ्या प्रदेशात मासे खारवून, शिजवलेल्या भातात दडपून महिनोन् महिने ठेवायची पद्धत होती. भात आंबे आणि त्यात तयार झालेल्या लॅक्टिक आम्लामुळे मासा सडत नसे. जपानच्या शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी अशी फुनाझुशी आजही करतात. सरोवरातला निगोरोबुना नावाचा मासा तिच्यासाठी वापरतात आणि तिचा वास इतका उग्र असतो की सगळ्याच जपानी माणसांनाही तो सोसत नाही. पूर्वी या प्रकारात मासा खायचा आणि लगदा झालेला भात खरवडून टाकायचा, असा रिवाज होता. पुढे लोक मुरवण्याचा काळ कमी करत गेले. भाताचा पुरता लगदा होण्याआधीच मासा आणि भात दोन्ही खाऊ लागले. त्यानंतर आंबण्याची वाट पाहण्याऐवजी भातात सरळ व्हिनेगर घालायची युक्ती निघाली. ज्या आंबटपणासाठी महिने मोजावे लागत, तो काही मिनिटांत मिळू लागला. टाकून द्यायचा भात अशा रीतीने पदार्थाचा कणा झाला.

नोरीत गुंडाळलेल्या सुशीचा उल्लेख अठराव्या शतकात सापडतो. १७७६ च्या एका जपानी पाकपुस्तकात चटईवर नोरी किंवा कागद पसरावा, वर भात व मासे मांडावेत आणि चटईसकट घट्ट गुंडाळावे, अशी कृती दिलेली आहे. तेव्हाच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, घाईच्या माणसांसाठी रस्त्यावर खाण्याच्या टपऱ्या मांडल्या जात आणि सुशी तिथे चांगली रुजली. १८०४ मध्ये आइची भागातल्या हांदा गावी नाकानो मातझाएमोन या साके गाळणाऱ्याने साकेच्या चोथ्यापासून स्वस्त व्हिनेगर करायला सुरुवात केली आणि ते जहाजांनी एदोला जाऊ लागले. १८२० च्या दशकात हानाया योहेई याने भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून देण्याची निगिरी सुशी लोकप्रिय केली, असे मानतात. ही निगिरीच पुढे जगभर गेली. गुंडाळीची कथा तिच्या शेजारून वेगळी चालत राहिली. किटागावा मोरिसादा नावाच्या गृहस्थाने १८३७ पासून पुढे कित्येक वर्षे एदो, क्योतो आणि ओसाकातल्या रोजच्या जगण्याच्या नोंदी लिहिल्या. त्यांत एदोतल्या नोरीच्या गुंडाळीत कांप्यो घालतात, असे त्याने नोंदवले आहे. आजही टोकियोत कोणी जुना माणूस नुसते नोरीमाकी म्हणाला, तर त्याच्या मनात बहुधा दुधीचीच गुंडाळी असते.

या दुधीची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. जपानमध्ये कांप्यो पिकवणारा प्रांत म्हणजे टोकियोच्या उत्तरेचा तोचिगी. देशातले जवळजवळ सगळे कांप्यो तिथेच होते. पण हे पीक तिथले मूळचे नाही. १७१२ साली तोरी तादातेरू या सरदाराची बदली ओमी प्रांतातल्या मिनाकुची जहागिरीतून तोचिगीतल्या मिबू जहागिरीवर झाली. त्याने जुन्या ठिकाणाहून दुधीचे बी मागवून नव्या ठिकाणी लावले, असे तिकडे सांगतात. मिनाकुचीचे कांप्यो त्या काळी इतके प्रसिद्ध होते की हिरोशिगे या चित्रकाराने १८३० च्या दशकात तोकाइदो मार्गावरच्या मुक्कामांची चित्रमाला काढली, तेव्हा मिनाकुचीसाठी त्याने दुधीचाच विषय घेतला. चित्रात बायका गावरस्त्यावर दुधी कापताहेत आणि लांबच लांब पट्ट्या वाळत घालताहेत. तिथला दुधी आपल्यासारखा लांबट नसतो. कलिंगडाएवढा गोल आणि कित्येक किलो वजनाचा असतो. तो फिरवत फिरवत पात्याने त्याच्या गराची साधारण तीन सेंटिमीटर रुंदीची अखंड पट्टी सोलतात आणि उन्हाळ्यातल्या कडक उन्हात टांगून वाळवतात. हे वाळवण वर्षभर पुरते. वापरताना पट्ट्या मिठाने चोळून धुवायच्या, मऊ होईपर्यंत उकडायच्या आणि मग सोया सॉस व साखर घालून रस आटेपर्यंत शिजवायच्या.

आपल्याकडे तयार कांप्यो सहज मिळत नाही, पण मे महिन्याचे ऊन आणि कोवळा दुधी यांची वानवा नाही. सालकाढणीने दुधीचा बियांबाहेरचा पांढरा गर लांब पट्ट्यांत काढा आणि स्वच्छ कापडावर किंवा दोरीवर कडकडीत वाळवा. पट्ट्या तोचिगीइतक्या जाड निघत नाहीत आणि लवकर शिजतात, एवढाच फरक. वाळवण्याइतका धीर नसेल तर ताज्या दुधीच्या बोटभर लांब, पातळ चिप्या सोया सॉस आणि साखरेत मंद आचेवर आटवल्या तरी गुंडाळीला चालतात. मात्र वाळल्यानंतर येणारा चिवट-मऊ पोत त्यांना येत नाही. दुधी वापरण्याआधी त्याचा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर सगळा फेकून द्यावा. कडू दुधीतली द्रव्ये शिजवूनही जात नाहीत आणि ती खरोखर घातक असतात.

आता नोरी. दुकानात दहा-दहा पानांच्या पाकिटात मिळणारा हा काळपट कागद म्हणजे समुद्री शेवाळ आहे. एदोच्या खाडीत उथळ पाण्यात झुडपांच्या फांद्या रोवून त्यांवर ते वाढवत. मग बारीक चिरून, पाण्यात कालवून, चौकटीतल्या चटईवर पातळ ओतून उन्हात वाळवत. ही तऱ्हा कागद करण्याच्या पद्धतीवरून उचलली असे म्हणतात. एदोच्या आसाकुसा भागात जुन्या कागदाचा लगदा करून नवा कागद करण्याचा धंदा होताच, आणि तिथे विकली जाणारी नोरीही आसाकुसा नोरी म्हणूनच ओळखली जाई. आज एका पानाचे माप ठरलेले आहे: २१ सेंटिमीटर लांब, १९ सेंटिमीटर रुंद, वजन जेमतेम तीन ग्रॅम.

शेकडो वर्षे नोरी वाढवूनही कोळ्यांना एक गोष्ट कळत नव्हती. उन्हाळ्यात हे शेवाळ पार नाहीसे व्हायचे आणि शरद ऋतूत पुन्हा उगवायचे. मधल्या काळात ते कुठे असते? बी कुठून येते? कोणालाच ठाऊक नसल्याने पीक नशिबावर अवलंबून असे. एखाद्या वर्षी भरभरून यायचे, एखाद्या वर्षी काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तर नोरीचे पीक फारच खालावले.

याचे उत्तर इंग्लंडमधून आले. कॅथलीन ड्र्यू-बेकर या मँचेस्टर विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. लग्न झाल्यावर त्यांची अध्यापकाची नोकरी गेली, कारण विवाहित स्त्रियांना नोकरी न देण्याचा विद्यापीठाचा नियम होता. तरीही त्या बिनपगारी संशोधक म्हणून काम करत राहिल्या. वेल्सच्या किनाऱ्यावर खाल्ले जाणारे, नोरीच्या कुळातले शेवाळ त्या अभ्यासत होत्या. कॉन्कोसेलिस नावाचा एक गुलाबी, तंतूंसारखा जीव शिंपल्यांच्या आत वाढतो हे माहीत होते आणि तो स्वतंत्र जीव समजला जाई. तो त्या शेवाळाच्याच जीवनक्रमातली एक अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. उन्हाळ्यातली नोरी कुठे असते, याचे उत्तर मिळाले: शिंपल्यात. हे संशोधन क्यूशू विद्यापीठातल्या सोकिची सेगावा यांच्यापर्यंत पोचले. मग कुमामोतोच्या मत्स्यकेंद्रातल्या फुसाओ ओता यांनी १९५३ च्या सुमारास कालवांच्या शिंपल्यांवर बीज वाढवून ते जाळ्यांवर उतरवण्याची रीत बसवली. आज क्यूशूमधल्या आरिआके समुद्रात नोरीची मोठी शेती होते ती याच पद्धतीने. ड्र्यू-बेकर यांचे १९५७ मध्ये निधन झाले. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या. १९६३ मध्ये नोरीवाल्या कोळ्यांनी कुमामोतो प्रांतातल्या उतो गावी, सुमियोशी देवस्थानाजवळ, आरिआके समुद्रासमोर त्यांचे स्मारक उभारले. तिथे दरवर्षी १४ एप्रिलला त्यांच्या स्मरणार्थ सोहळा होतो. एका शास्त्रज्ञाचे ऋण कोळ्यांनी इतक्या मनापासून जपल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

नोरी विकत घेताना पान काळेभोर, चकचकीत आणि उजेडात धरल्यावर फारशी भोके नसलेले पाहावे. वापरण्याआधी मंद गॅसच्या आचेवरून झरकन एक-दोनदा फिरवले की तिचा जांभळट काळा रंग हिरवट होतो. त्यातली लाल रंगद्रव्ये उष्णतेने मोडतात आणि हरितद्रव्य उठून दिसते. वासही खुलतो. आपल्या पावसाळ्यात उघडे पान काही मिनिटांत सादळते. म्हणून पाकीट घट्ट मिटून, हवाबंद डब्यात ठेवावे आणि लागेल तेवढेच पान बाहेर काढावे.

भाताकडे येऊ. मराठी स्वयंपाकघरात पुलाव-मसालेभातासाठी मोकळ्या, सुट्या शितांच्या भाताची शिस्त आपल्याला लागलेली असते. सुशीच्या भाताला याच्या नेमके उलटे हवे असते. शिते एकमेकांना धरून राहिली पाहिजेत आणि तरी प्रत्येक शीत वेगळे दिसले पाहिजे. हे ठरते तांदळातल्या स्टार्चवर. स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असेल तर भात फडफडीत होतो, कमी असेल तर चिकट. जपानी आखूड तांदळात अमायलोज साधारण १५ ते २० टक्के असते, बासमतीत त्याहून जास्त. म्हणून बासमतीची सुशी होत नाही. कितीही दाबली तरी कापताना ती विस्कटते.

जपानी तांदूळ आता आपल्या मोठ्या शहरांत मिळतो, पण महाग असतो. त्याची गरज नाही, कारण आपल्याकडे इंद्रायणी आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेले हे वाण १९८७ मध्ये प्रसारित झाले. मावळातला भात म्हणून ते घरोघर पोचले आणि त्याच्या चिकटपणाबद्दल कुरकुर करणारेही पुष्कळ आहेत. इथे तोच चिकटपणा कामाला येतो. त्याला आंबेमोहराकडून आलेला मंद सुवास असतो. जपानी माणसाला तो सुशीत परका वाटेल. मला मात्र नोरीच्या खारट, समुद्री वासाबरोबर तो फार आवडतो.

तीनशे ग्रॅम इंद्रायणी घ्या. यात आठेक बारीक गुंडाळ्या होतात. हलक्या हाताने चार-पाच पाण्यांनी धुवा. शेवटचे पाणी अगदी नितळ नसले तरी दुधाळ राहता कामा नये. अर्धा तास भिजवून चाळणीत पंधरा मिनिटे निथळत ठेवा. मग जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात शिजवा. तांदूळ जुना असेल तर पाणी दीडपट, नवा असेल तर सव्वापट. रोजच्या इंद्रायणीला आपण याहून बरेच जास्त पाणी घालतो, पण इथे भातात नंतर व्हिनेगर जाणार आहे हे लक्षात ठेवायचे. कुकर टाळलेलाच बरा, त्यात शिते फुटून भात गिजका होतो. मोठ्या आचेवर उकळी आली की गॅस अगदी बारीक करून बारा मिनिटे ठेवा, मग बंद करून आणखी पंधरा मिनिटे वाफेवर राहू द्या. या सगळ्या वेळात झाकण उघडायचे नाही. जपानी घरांत भाताच्या पाण्यात कोम्बू या समुद्री वनस्पतीचा तुकडा टाकतात. तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही.

भात वाफेवर असताना चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ एकत्र करून किंचित कोमट करा. साखर-मीठ विरघळले की पुरे. उकळू द्यायचे नाही, नाहीतर आंबटपणा उडून जातो. तांदळाचे व्हिनेगर सर्वांत चांगले, ते मवाळ असते. किराणा दुकानातले पांढरे कृत्रिम व्हिनेगर घशाला लागते. त्यापेक्षा सफरचंदाचे बरे. साखरेच्या बाबतीत जपानमध्येही एकमत नाही. ओसाकाकडचा भात गोडसर असतो, टोकियोकडचा कमी गोड. तेव्हा आपल्या घरच्या जिभेप्रमाणे अर्धा चमचा इकडेतिकडे करायला हरकत नाही.

आता घाई करायची, कारण गरम भातच व्हिनेगर नीट पितो. जपानी सुशीवाले यासाठी लाकडाची उथळ घमेली वापरतात, जास्तीचे पाणी लाकूड शोषून घेते. घरात आजीची लाकडी काठवट असेल आणि तिला मसाल्याचा वास नसेल, तर ती पाण्याने ओली करून घ्या. नसेल तर मोठी परात. गरम भात तिच्यात पालथा घाला आणि भातवाढीवरून व्हिनेगर सगळीकडे शिंपडा. मग भातवाढी आडवी धरून, कापल्यासारखी चालवत भात मोकळा करा. घोटायचा नाही. शीत मोडले की आतला स्टार्च बाहेर येतो आणि चिखल होतो. दुसऱ्या कोणाला तरी शेजारी पंखा घेऊन बसवा. वारा घातल्याने वरचे पाणी उडते आणि शितांना मंद चमक येते. व्हिनेगर घातल्यानंतर दोन-तीन मिनिटांत हा बदल डोळ्यांसमोर होतो. आधी भात ओलसर, सैल दिसतो, मग एकेक शीत आवळल्यासारखे होते आणि भातवाढी त्यातून फिरवताना किंचित अडू लागते. हाताला कोमट लागेल इतका निवला की ओले फडके झाकून ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात आणि भात कडकडीत, कोरडा होतो. व्हिनेगरमुळे भात थोडा टिकतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो केल्यापासून तीन-चार तासांत संपवलेला बरा.

सारणाबद्दल माझे मत ठाम आहे: एका बारीक गुंडाळीत एकच गोष्ट. काकडीची गुंडाळी जपानमध्ये कप्पामाकी म्हणून ओळखली जाते. कप्पा हा तिथल्या लोककथांतला नदीत राहणारा, काकडीवेडा जीव. काकडीच्या बिया काढून टाका, सालासकट लांब काड्या करा, किंचित मीठ चोळून दहा मिनिटांनी पुसून कोरड्या करा. ओली काकडी आतून नोरी भिजवते. भाजलेले तीळ भातावर भुरभुरले तर चव वाढते. साखर घातलेल्या अंड्याच्या जाड पोळीच्या पट्ट्या, उकडलेले गाजर, पिकलेला अव्होकाडो, डब्यातला ट्यूना मेयोनीजमध्ये कालवून, असे बरेच काही चालते. ट्यूना-मेयोनीज जपानच्या घरांतही रोजचे आहे. शेजवान सॉस, चीज, तिखट चटण्या मात्र मी घालत नाही. त्यांच्यापुढे भाताची नाजूक चव उरतच नाही, मग एवढे पंखे हलवून उपयोग काय?

कच्च्या माशाबद्दल थोडक्यात: घरी करू नका. माशांत अॅनिसाकिससारखे परजीवी असू शकतात. अमेरिकेच्या नियमानुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरचा फ्रीजर तेवढी थंडी सातत्याने धरेलच असे नाही, आणि बाजारातली आपली मासळी कच्ची खाण्यासाठी हाताळलेली नसते. उलट बाजूने, टोकियोच्या निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी शाकाहारी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे की तिकडच्या दुकानातल्या कांप्योत आणि अंड्याच्या पोळीत पुष्कळदा माशाचा अर्क असतो. काकडीची गुंडाळी त्या मानाने निर्धास्त.

गुंडाळण्यासाठी बांबूच्या काड्यांची छोटी चटई लागते. तिची सपाट बाजू वर ठेवायची. नोरीचे पान मधोमध कापून अर्धे घ्या. तिची चकचकीत बाजू खाली, खडबडीत बाजू वर, आणि लांब कड तुमच्याकडे. हात ओला करण्यासाठी वाटीत पाणी व थोडे व्हिनेगर ठेवा. हात नुसते ओलसर हवेत, टपकते नकोत. साधारण ऐंशी ग्रॅम भात उचला आणि सैल हाताने लांबट करा. तो पानाच्या वरच्या बाजूला ठेवून बोटांच्या टोकांनी आधी आडवा आणि मग खाली ओढत पसरवा. वरची, म्हणजे तुमच्यापासून दूरची, एक सेंटिमीटरची पट्टी मोकळी राहू द्या. थर इतका पातळ की मधूनमधून नोरी दिसली तरी चालेल. भात दाबून चोपला की खाताना त्याचा गोळा लागतो. पहिल्यांदा करणारे जवळजवळ सगळेच भात दुप्पट घालतात आणि मग पान मिटतच नाही.

मधोमध काकडीची काडी किंवा दुधीच्या दोन-तीन पट्ट्या आडव्या ठेवा. दोन्ही अंगठे चटईखाली घाला, बाकीच्या बोटांनी सारण जागेवर धरून ठेवा आणि जवळची कड उचलून एकाच झेपेत पलीकडच्या भाताच्या कडेवर टेकवा. ही एक हालचाल जमली की सगळे जमले. अळूवडी करताना आपण सुरुवातीपासून घट्ट वळकटी वळत जातो. इथे तसे वेटोळे घालायचे नाही, भाताची एक कड थेट दुसऱ्या कडेला भेटवायची. म्हणजे सारण बरोबर मध्यात येते. आता चटईवरूनच बोटांनी दोन्ही बाजू आणि वरून हलका, सारखा दाब द्या. चटई थोडी उचलून गुंडाळी पुढे सरकवा, म्हणजे नोरीची मोकळी पट्टी खाली येऊन भाताच्या ओलाव्याने चिकटते. पुन्हा एकदा दाबा आणि जोड खाली ठेवून मिनिटभर विसावू द्या.

सुरी धारदार हवी. तिचे पाते ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि खाली न दाबता आपल्याकडे ओढत कापा. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा पुसा, कारण पात्याला लागलेला स्टार्च पुढचा तुकडा फाडतो. काकडीच्या गुंडाळीचे सहा तुकडे करतात: आधी दोन अर्धे, मग ते शेजारी ठेवून एकदमच तीन-तीन. कांप्योच्या गुंडाळीचे मात्र एदोच्या रीतीप्रमाणे चारच. बाहेरची नोरी अजून कुरकुरीत असतानाच ताट पुढे करावे. सोया सॉस वाटीत थोडासाच घ्या आणि तुकड्याची कड त्याला नुसती लावा. भात बुडवला की सॉस शोषून त्याचा खारट लगदा होतो. वासाबीच्या नळीत बहुधा रंग दिलेले पाश्चात्त्य हॉर्सरॅडिश असते, तेव्हा ती नसली तर हळहळू नये. पातळ कापून व्हिनेगर-साखरेत मुरवलेले आले मात्र करून ठेवावे. दोन वेगळ्या गुंडाळ्यांच्या मध्ये त्याची चकती खाल्ली की तोंड स्वच्छ होते.

पूर्ण पानाची जाड गुंडाळी हा वेगळा आणि अवघड प्रकार. तिच्यात चार-सहा सारणे रंग पाहून मांडतात. चिबा प्रांतातल्या बायका तर भात रंगवून अशी गुंडाळतात की कापल्यावर आत फूल दिसते. ओसाकाकडून देशभर पसरलेल्या चालीप्रमाणे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सेत्सुबुनच्या दिवशी, अशी अख्खी गुंडाळी शुभ दिशेकडे तोंड करून, एक शब्द न बोलता खातात. दुकानांनी ही चाल इतकी वाढवली की उरलेल्या गुंडाळ्यांची नासाडी पाहून २०१९ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाला विक्रेत्यांना बेताने माल करायची विनंती करावी लागली. भात बाहेर आणि नोरी आत असलेली कॅलिफोर्निया गुंडाळी ही उत्तर अमेरिकेतल्या जपानी आचाऱ्यांची करामत. ती पहिली कोणाची, लॉस एंजेलिसची की व्हँकूव्हरची, हा वाद चालूच आहे.

घरी पाहुणे असतील आणि चटईचा सराव नसेल, तर जपानी घरांत करतात तेच करावे. भाताचे भांडे, कापलेली सारणे आणि चौकोनी चतकोर केलेली नोरी टेबलावर मांडायची. ज्याने त्याने पान तळहातावर घ्यायचे, एका कोपऱ्याकडे मोठा चमचाभर भात तिरपा पसरायचा, वर काकडी किंवा दुधी ठेवायचा आणि पान द्रोणासारखे वळवून लगेच खायचे. याला तेमाकी म्हणतात. यात कापणे नाही, दाबणे नाही, आणि लहान मुलांनाही हे पहिल्या फेरीत जमते. नोरीचा डबा तेवढा झाकून ठेवा आणि एका वेळी एकच पान बाहेर काढा.